कातळमाथ्यावरचा मासा

वहिनीच्या खोलीत एक नियम होता आणि तो तिने स्वतःच घालून घेतला होता. नमुना कोणी घेतला, कसा घेतला हे कळल्याशिवाय त्याबद्दल तोंड उघडायचं नाही. खोली रुग्णालयाच्या तळमजल्यावर, बोळाच्या अगदी टोकाला होती. एका भिंतीशी बेसिन, रंगाचे डाग पडून पडून कायमचं जांभळं झालेलं. खिडकीशी उंच स्टूल आणि त्यासमोर मायक्रोस्कोप. त्या स्टुलावर बसून ती दिवसभर लोकांचं रक्त पाही. डॉक्टर घाई करत, नर्स दारातून डोकावून "झालं का हो?" विचारत, पण तिचं पाहून झाल्याशिवाय भिंगावरचा डोळा हलत नसे.

रुग्णालयात तिला कोणी वहिनी म्हणत नव्हतं. ते नाव नणंदेच्या मित्रांनी पाडलेलं. नणंद शाळेत मुलांना खेळ शिकवायची. तिचे दोन बालमित्र होते, एक सुतार आणि एक बेकरीवाला. हे तिघं दर वर्षी थंडी सरता सरता गावामागच्या डोंगरावर जात. वहिनी लग्न होऊन घरात आली त्या वर्षीच नणंदेने तिलाही ओढून नेलं. नवरा काही चढणाऱ्यांतला नव्हता. घरच्या जिन्यावरसुद्धा तो कठडा धरून चढे. तेव्हा ती त्याच्याशिवायच गेली, आणि सगळ्यांचीच वहिनी होऊन परत आली.

डोंगर तसा मायाळू होता. आधी झुडपं, मग गवताचा उतार, मग एकमेकांवर रचून पडलेले मोठमोठे धोंडे. तिथून पुढे हातापायांनी चढावं लागे. तिथपर्यंत वहिनी कोणाला हार जात नसे. पण सगळ्यात शेवटी कातळ होता. दोन मजली घराएवढा, करडा, जवळजवळ उभा, आणि मध्यावर पोट सुटल्यासारखा फुगलेला. त्याच्या माथ्यावर शिखर. पहिल्या वर्षी ती त्या पोटाच्या खालच्या अरुंद कंगोऱ्यापर्यंत गेली आणि तिचा डावा पाय आपोआप थडथडायला लागला. तो आपला नाहीच, दुसऱ्या कोणाचा आहे, अशा नजरेने ती त्याच्याकडे पाहत राहिली. नणंदेने तिला हाताला धरून उतरवलं. पुढच्या वर्षी कातळाशी पोचल्यावर बेकरीवाला सहज म्हणाला, पिशव्यांपाशी कोणीतरी थांबलेलं बरं, कावळे फार माजलेत. वहिनी थांबली. त्या वर्षी थांबली, ती दर वर्षीच थांबू लागली. ती पिशव्यांपाशी बसे, मान वर करून तिघांना चढताना पाही, आणि मग उतरताना पाही. कोणी विचारलंच तर म्हणे, माझी वरून पाहायची हौस कामावर भागते.

ते खरं नव्हतं. माथ्यावर एक खोलगट जागा आहे, तिच्यात पाणी साठतं आणि उन्हाळ्यातही आटत नाही, असं तिघंही सांगत. आणि त्या पाण्यात मासा आहे, असं बेकरीवाला सांगे. एकच मासा, बोटाएवढा, चंदेरी. नणंद हसायची, सुतार कानाची पाळी ओढायचा, पण बेकरीवाला दर वर्षी मासा थोडा मोठा करून आणायचा. वहिनीला हे सहन होत नसे. कातळाच्या टोकावर, जिथे ओढा नाही, ओघळ नाही, तिथे मासा येणार कुठून? पण त्याच पाण्यात दुसरं काय काय असू शकेल, या विचाराने मात्र तिला रुखरुख लागे. एकदा त्याने तिच्यासाठी बाटली भरून पाणीही आणलं होतं. तिने मोठ्या आशेने त्याचा थेंब भिंगाखाली धरला, तर त्यात यीस्टच यीस्ट. बाटली संत्र्याच्या रसाची होती आणि हात बेकरीवाल्याचे. तेव्हापासून तिचं ठरलं होतं. हा नमुना आपणच घ्यायचा.

ठरवणं आणि जाणं यांत बरीच वर्षं गेली. यंदाच्या थंडीत तिने एक केलं. रुग्णालयाच्या मागे ओबडधोबड दगडांची जुनी कुंपणभिंत होती. जेवणाच्या सुट्टीत ती तिथे जाई, जमिनीपासून वीतभर उंचीवर दगडांत पाय रोवी आणि भिंतीला पालीसारखी चिकटून या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी सरके. पांढरा कोट घालूनच. रखवालदाराला वाटलं, बाईंची अंगठी पडली. तो बिचारा दोन दिवस तिच्यासोबत दगडांच्या फटी चाचपत राहिला. तिसऱ्या दिवशी तिने त्याला खरं सांगितलं. तेव्हापासून तो लांब खुर्ची टाकून बसे, आणि कोणी त्या बाजूला येऊ लागलं की खोकून इशारा देई.

त्या दिवशी कातळाशी पोचल्यावर नणंदेने सवयीने थर्मास सावलीत ठेवला आणि म्हणाली, "वहिनी, चहा गरम आहे, घे तोवर."

"चहा राहू दे," वहिनी बुटाची नाडी आवळत म्हणाली. "मीपण येतेय."

पहिला बोलला बेकरीवाला. त्याला पिशवीतल्या पावांची काळजी होती. पहाटे उठून त्याने ते मुद्दाम भाजून आणले होते.

"मग वहिनी, पिशव्यांचं काय?"

"कावळ्यांना सांगा, जपून खा म्हणावं."

नणंद मात्र हसली नाही. तिने वहिनीला जरा बाजूला घेतलं. "हे बघ, मी तुला नको म्हणत नाही. पण मागच्यासारखा पाय थरथरला तर? दादाला काय सांगू मी?"

"सांग, पाय थरथरला म्हणून." वहिनीने कोटासारखाच बटणांचा सदरा घातला होता. त्याच्या खिशावर हात ठेवून तिने काहीतरी जागेवर आहे याची खात्री केली. "थरथरू दे, बाई. पाय आहे तो, थकला की थरथरणारच. त्यासाठी आपण कशाला थांबायचं?"

नणंद तिच्याकडे पाहत राहिली. मग ती कातळाकडे वळली आणि चढू लागली. हीच तिची परवानगी.

नणंदेच्या मागे सुतार, त्याच्या मागे वहिनी, सगळ्यात शेवटी बेकरीवाला. खालून इतकी वर्षं पाहिलेला कातळ जवळून वेगळाच निघाला. खालून जे गुळगुळीत दिसे ते साखरेसारखं खरखरीत होतं, आणि जी भेग बोटभर वाटे तिच्यात अख्खा पंजा जात होता. पण कुठे काय आहे ते तिला पाठ होतं. खालचा रुंद टप्पा, तिथून उजवीकडे जाणारी भेग, वर मराठी साताच्या आकड्यासारखी वळलेली खाच. पोटाखालच्या कंगोऱ्यावर ती पोचली आणि डावा पाय ठरल्याप्रमाणे थडथडायला लागला. तिने थोडी वाट पाहिली. तो थांबेना. तेव्हा तिने तो थरथरतानाच उचलला आणि वरच्या खाचेत ठेवला. तिथे अंगाचा भार पडल्यावर तो मुकाट्याने शांत झाला.

"वहिनी, कंगोरा मागे पडला तुमचा," खालून बेकरीवाला हळूच म्हणाला.

आणि ती माथ्यावर होती. जागा केवढीशी, चार माणसं पाय पसरून बसली की भरली. खाली धोंडे, गवत, झुडपं आणि पलीकडे गाव. रुग्णालयाचं धुराडं तिने लगेच ओळखलं. वारा कान सोलून काढत होता. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. सुतार मात्र, ज्या सपाट दगडावर तो दर वर्षी बसे त्यावरून उठला, रुमालाने तो झटकला आणि म्हणाला, "बसा." तो दिवसभरात मोजकेच शब्द खर्च करणारा माणूस होता. वहिनी त्या दगडावर बसली. ताठ बसली. अशा जागेवर वाकून बसणं तिला बरं वाटलं नसतं.

मग पाणी. परातीएवढ्या खोलगट जागेत ते होतं, तळाशी काळपट गाळ, वर आभाळ. तिने गुडघे टेकून बराच वेळ पाहिलं. बेकरीवाला शेजारी येऊन बसला.

"मासा बुजलाय," तो म्हणाला. "नवा माणूस पाहिला की बुजतो."

वहिनीने खिशातून दोन छोट्या बाटल्या काढल्या. घरी उकळून, सुकवून, कापडात गुंडाळून आणलेल्या. बाटलीच्या तोंडाला बोट न लावता तिने एकीत वरचं पाणी घेतलं, दुसरीत तळाच्या गाळाजवळचं, आणि दोन्हींची झाकणं घट्ट लावली. नणंद हे सगळं तोंडात बोट घालून पाहत होती. वहिनी चढली यापेक्षा दोन बाटल्या घेऊन चढली, याचंच तिला जास्त नवल वाटलं असावं.

ऊन उतरायला लागलं तसं सुतार उठला. उतरताना पहिला तोच असे. त्याने कातळाकडे तोंड केलं, हातांची पकड घेतली, एक पाय कडेखाली सोडला आणि मान न वळवता म्हणाला, "हं, सांगा."

उत्तर आलं नाही. कोण देणार? सांगणारी त्याच्या डोक्यावर उभी होती.

सुताराचा पाय हवेत तसाच राहिला. मग त्याने तो वर ओढून घेतला आणि वळून वहिनीकडे पाहिलं. नणंदेनेही पाहिलं. तेव्हा कुठे सगळ्यांच्या ध्यानात आलं. कातळाच्या पोटामुळे उतरणाऱ्याला स्वतःचे पाय दिसतच नाहीत. पूर्वी ते मागच्या बाजूने उतरत, पण ती बाजू वहिनी आली त्याच सुमारास ढासळली होती. इतकी वर्षं हे लोक वहिनीच्या डोळ्यांनी उतरत होते. डावा पाय अजून खाली, हं, तिथेच, आता उजवा बाहेर, हे ती खालून सांगत राही आणि यांचे पाय तिच्या शब्दांवर टेकत. इतक्या वर्षांत त्याला काम असं कोणी म्हटलं नव्हतं. नणंद तर घरी गमतीने सांगे, वहिनी खाली बसून उगाच जिवाला घोर लावून घेते आणि बडबडत राहते. खुद्द वहिनीलाही तसंच वाटत आलं होतं.

"दोर?" बेकरीवाल्याने सुताराला विचारलं.

"कधी लागलाच नाही," सुतार म्हणाला.

नणंदेने पुढाकार घेतला, ते तिच्या स्वभावातच होतं. ती कडेशी उभी राहिली, वाकून खाली पाहिलं, हाताने हवेत दोन खुणा केल्या, मग वळून कातळाकडे तोंड करून उतरू लागली. हातभर गेली असेल नसेल, तिचा पाय चाचपडू लागला. दगडावर बूट घासल्याचा आवाज येत राहिला, पुन्हा, पुन्हा. बेकरीवाला काहीतरी विनोद करू लागला आणि अर्ध्यातच सोडून दिला. अखेर सुताराने नणंदेचं मनगट पकडून तिला वर घेतलं. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"खाच होती तिथे," ती म्हणाली. "मी स्वतः पाहिली. डावीकडे."

वहिनीने डोळे मिटले. नणंदेची चूक तिला तिथेच सापडली, कारण तिचा अख्खा दिवस असल्याच उलटापालटीत जाई. भिंगाखाली स्लाइड डावीकडे सरकवली की चित्र उजवीकडे पळतं. नवे शिकाऊ आठवडाभर त्यात ठेचकाळतात, मग हातच शहाणे होतात.

"तू बाहेर तोंड करून पाहिलंस," ती म्हणाली. "तेव्हा ती तुझ्या डावीकडेच होती. पण उतरायला वळलीस ना? वळल्यावर ती उजवीकडे गेली. तू पाय भलतीकडे शोधत होतीस."

नणंदेने मनातल्या मनात वळून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "शाळेत मुलांना मी हेच ओरडून सांगते. डावं उजवं."

"मग आता मी सांगते. मी आधी उतरते आणि खालून सांगते."

यावर तिघंही एकदम बोलू लागले. नणंद म्हणाली, आपण आणखी एक प्रयत्न करू. बेकरीवाल्याचं म्हणणं, गावातून कोणाला तरी फोन करून बोलवावं, यात कमीपणा कसला. सुताराने फक्त एवढंच विचारलं की वहिनी कशाच्या भरवशावर उतरणार, त्यांना तरी सांगायला खाली कोण आहे. ते तिने ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, "कोणी नाही. पण कातळ मी खालून पाहिलाय. तुमच्यातल्या कोणीच तो तसा पाहिलेला नाही. तुम्ही वर जाता आणि खाली येता, तो पाहतो कोण?"

सुतार बाजूला झाला.

तिने वळून कातळाला पोट टेकलं, हातांनी कडेची पकड घेतली आणि डोळे मिटून कातळ खालून पाहायला घेतला, जसा तो पिशव्यांपाशी बसून दिसे. कोणती जागा कोणामुळे लक्षात राहिली होती ते एकेक करून समोर आलं. जिथे सुतार कण्हतो, तिथे पायाखाली काही नसतं, उजवा पाय लांब टाकावा लागतो. जिथे नणंद हात बदलते, तिथे भेग आत रुंद आहे. जिथे बेकरीवाल्याचा गुडघा दर वर्षी सोलतो, तो कंगोरा. आता हेच सगळं, फक्त पाय तिचे.

आणि मग, कोणी सांगायला नव्हतं म्हणून, ती स्वतःलाच सांगू लागली. मोठ्याने, त्याच आवाजात, ज्या आवाजात ती इतकी वर्षं त्यांना सांगत आली होती. "उजवा पाय. खाली. अजून. बाहेर घे थोडा. आहे." पाय टेकला. "आता डावा. घाई नको. खाच आहे तिथे, साताच्या वळणात. आहे." वरून तिघं श्वास रोखून ऐकत होते. तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता. फक्त आजवर तो खालून त्यांच्याकडे येई, आणि आज तो त्यांच्यापासून दूर जात होता.

पोटाखालच्या कंगोऱ्यावर तिचा डावा पाय टेकला. थडथडू लागला. "थरथरतोय," तिने स्वतःला सांगितलं, "थरथरू दे. आता उजवा. भेगेत. आहे." एकदा पाय निसटला आणि कोपर खरचटलं, वरून नणंदेचं 'अगं!' ऐकू आलं. तिने पकड सोडली नाही. मग भेग, मग रुंद टप्पा, आणि मग जमीन. सपाट, पुसट वाट असलेली, पिशव्या पडलेली जमीन. ती दोन पावलं मागे आली आणि वर पाहिलं. तिन्ही तोंडं कडेवरून वाकून तिच्याकडे पाहत होती.

तिघं वर ताटकळत होते.

"हं, सुतारभाऊ," ती म्हणाली. "वळा. उजवा पाय सोडा."

सुतार उतरला. जमिनीला पाय लागल्यावर त्याने तिच्या खरचटलेल्या कोपरावर पिशवीतलं पिण्याचं पाणी ओतलं. मग बेकरीवाला उतरला आणि गुडघा नेहमीच्याच जागी सोलून घेतला. नणंद सगळ्यात शेवटी. कंगोऱ्यावर ती थबकली आणि खाली न पाहता म्हणाली, "वहिनी, माझाही पाय थरथरतोय गं."

"थरथरू दे," वहिनी म्हणाली. "उजवा घे. भेगेत."

खाली आल्यावर नणंदेने तिला मिठी मारली नाही. त्यांच्या घरात तशी पद्धत नव्हती. तिने वहिनीच्या सदऱ्याला लागलेली कातळाची पूड झटकली. खांद्यावरची, पाठीवरची, जिथे नव्हती तिथलीही.

"पुढच्या वर्षी खाली मी थांबते," ती म्हणाली.

"खाली कोणीच थांबायचं नाही," वहिनी म्हणाली. "आधी उतरेल त्याने मागच्याला सांगायचं. मी तुम्हाला शिकवते. धोंड्यांवरून सुरुवात करू, आत्ताच."

आणि खरोखरच, धोंड्यांवरून उतरताना तिने नणंदेला सांगायला लावलं आणि बेकरीवाल्याला उतरायला. नणंदेने दोनदा डावं उजवं चुकवलं आणि बेकरीवाला एका धोंड्यावर सपशेल बसला. तो हसत नव्हता, पण त्याचं कारण वेगळं होतं. पिशवी उघडी पडली होती, कावळे येऊन गेले होते, आणि त्याच्या पावांतला एकही धड उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी, नमुने यायला लागण्याआधी, वहिनी स्टुलावर बसली. गाळाजवळच्या पाण्याचा एक थेंब तिने स्लाइडवर ठेवला, झाकणकाच टाकली आणि डोळा भिंगावर नेला. आधी मातीचे कण. मग काहीतरी हललं. पारदर्शक, लांबट, एका बाजूला निमुळतं, दुसऱ्या बाजूला तोंडाशी दोन चाकं फिरावीत तसे केसांचे झुबके भिरभिरत होते. ते पळालं, तिने स्लाइड उलट्या दिशेला सरकवली आणि ते पुन्हा मधोमध आलं.

दारात नर्स डोकावली. "झालं का हो?"

"अजून नाही," वहिनी म्हणाली. तिने फोन उचलला आणि बेकरीचा नंबर फिरवला. पलीकडे भट्टीचं दार आपटल्याचा आवाज आला.

"आहे हो तुमचा मासा," ती म्हणाली.

मग बेकरीवाला सावधपणे म्हणाला, "वहिनी, तुम्ही माझी फिरकी घेताय."

"नाही. मासा म्हणता येणार नाही त्याला. मिठाच्या कणाएवढाही नाही. पण जिवंत आहे, पोहतो, आणि पाणी आटलं तर सुकून पडून राहतो, पुन्हा पाणी आलं की उठतो. एक नाही, चार मोजले मी आत्ताच."

"खात्री आहे?" त्याने विचारलं. आवाजात आता माशाच्या मालकाचा ताठा आला होता. "बाटली स्वच्छ होती ना?"

वहिनीने खिडकीबाहेर पाहिलं. रखवालदार कुंपणभिंतीशी उभा होता आणि एका दगडावर पाय ठेवून, कोणी पाहत नाही ना याची खात्री करून, दुसरा उचलत होता.

"बाटली मीच उकळली होती," ती म्हणाली. "आणि नमुना मीच घेतलाय."